शास्त्राचा जामीन

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडली आणि यवतमाळच्या नॅरोगेज गाडीत बसलो. अठ्ठावन्न सालचा फेब्रुवारी होता. पुण्याच्या कचेरीतून निघताना काम नेमून दिले होते ते कापसाचे. दारव्हा आणि यवतमाळच्या बाजारांत हंगाम कसा गेला ते पाहायचे, दोन लेख पाठवायचे. धर्मशास्त्राचा त्यात उल्लेख नव्हता.

ही गाडी धावते असे म्हणणे अवघड आहे. कारंज्याच्या अलीकडे ती माळावर थांबली. कारण विचारले तेव्हा गार्डने पुढे बोट केले. ड्रायव्हर खाली उतरून रुळालगतची बोरीची झाडे झोडपत होता. काही उतारू त्याच्या मदतीला गेले. बोरे डब्याडब्यांतून वाटली गेली आणि मग शिट्टी झाली. तक्रार कोणी केली नाही. मीही बोरे खात होतो. दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या (कापूस वेचून झालेली वाळकी झाडे) उभ्या होत्या आणि बांधांवर पळस फुलला होता.

बोरी अरबचा बाजार पाहायचा होता, पण दारव्ह्याला उतरलो तर तिकडची मोटार निघून गेलेली. सरकीची पोती भरलेली एक बंडी (बैलगाडी) त्या वाटेने जात होती. पोत्यांवर काळा कोट घातलेले एक गृहस्थ आधीच बसले होते. हे पास्कल मास्तर, मूळचे वसईकडचे. कॅथलिक मिशनच्या शाळेत ते शिकवत आणि फादर गावात नसले की धर्मशिक्षणही देत. मी वर्तमानपत्राचा माणूस आहे हे कळताच त्यांनी बसायला जागा करून दिली.

"मग बाजार सोडा आणि आजच्या वादाला चला. छापण्यासारखा आहे."

"कसला वाद?"

"शास्त्र श्रेष्ठ की ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, याचा. संध्याकाळी लग्न आहे. म्हणजे वाद संपला तर."

त्यांनी हकिगत सांगितली. मुलगा जोसेफ, कॅथलिक, विधवा आईचा एकुलता एक. मुलगी रूथ, प्रॉटेस्टंट. दोन गावे शेजारशेजारची, शिवाराला शिवार लागलेली. मुलांचे ठरले होते आणि घरच्यांचीही ना नव्हती. पण लग्न कोणी लावायचे? रूथचा बाप दाऊद कॅथलिक देवळात पाऊल टाकायला तयार नव्हता, आणि जोसेफची आई मरियाबाई प्रॉटेस्टंट देवळात. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता. तेव्हापासून ईस्टरपर्यंत उपवासाचा काळ असतो आणि कॅथलिक लग्ने लागत नाहीत. इकडे वणीचा एक कंपाउंडर रूथला पाहून गेला होता आणि त्याला होकार द्यायला दाऊद मोकळा होता. आज लग्न लागले नाही तर ते लागणारच नव्हते.

"तुमचे बायबल दिसत नाही," मी म्हणालो.

मास्तरांनी पिशवी चाचपली. "माझे लॅटिन आहे. मराठी त्यांच्याकडून घेऊ."

नाल्याच्या चढावर बैल थांबले. "मास्तर, उतरा जरा," गाडीवान म्हणाला. "बैल चढून नाई राह्यले." आम्ही उतरून चालू लागलो. मास्तर चालताना युक्तिवाद म्हणून पाहत होते.

दोन्ही गावांच्या मधोमध बंजाऱ्यांचा तांडा आहे. दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी जागा तेवढीच, म्हणून वाद तिथे ठेवला होता. थावरू नाईक हे तांड्याचे प्रमुख. त्यांच्या दारातल्या कडुनिंबाखाली नसाब (तांड्याची पंचायत) बसली होती. नाईकांना ख्रिस्ती धर्माची माहिती नव्हती आणि ती नसल्याची त्यांना अडचणही वाटत नव्हती. त्यांनी फेटा नवा बांधला होता.

पाळक अमोलिक आधीच येऊन बसले होते. ते दाऊदच्या गावच्या प्रॉटेस्टंट मंडळीचे धर्मगुरू. बायबल त्यांनी धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरले होते. पलीकडे चुलींवर लग्नाचा स्वयंपाक चालू होता. लग्न कोणत्या गावात लागणार हे ठरले नसल्यामुळे दाऊदने चुली तांड्यातच मांडल्या होत्या. निकाल लागला की भांडी तिकडे न्यायची, असा बेत होता. नवरी स्वतः भात पाहत होती आणि नवरदेव लाकडे फोडत होता. त्यांना कोणी काही विचारत नव्हते.

नाईकांनी पहिल्यांदा नियम सांगितला. उपाशी माणसाने निकाल द्यायचा नाही. नसाबीचे जेवण वाद आणणाऱ्यांकडे. त्याप्रमाणे मटणाचा पहिला गंज (मोठे पातेले) वाद सुरू होण्याआधीच नसाबीपुढे आला.

दाऊद उभा राहिला. "मास्तरांनं एक दाखवावं. फादरच्या हातूनच लग्न लागलं पाह्यजे, असं शास्त्रात कुठं लिवलंय? दाखवलं तं मी सोता पोरीले घेऊन येतो."

मरियाबाई बसूनच म्हणाल्या, "अन् पाळकांनं मले दाखवावं. जे लिवलं तेवढंच मानायचं, हे तरी कुठं लिवलंय? दाखवा, मी पोराले तुमच्या देवळात आणतो."

पाळकांनी टॉवेल सोडला आणि पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातला उतारा वाचला. शास्त्र शिकवायला आणि सुधारायला उपयोगी आहे, असा त्याचा आशय होता.

"उपयोगी तं हा गंजबी हाय," मरियाबाई म्हणाल्या. "म्हून एकट्या गंजात सैपाक होते काय? चूल नाई लागत?"

आता मास्तरांनी हात पुढे केला. "पाळक, जरा ते बायबल द्या."

पाळकांनी ते लगेच दिले नाही. "हात धुतले काय?"

मास्तर हात धुऊन आले. मग पाळकांच्याच बायबलातून त्यांनी पौलाचे दुसरे एक पत्र काढले आणि पौलाने तोंडी शिकवलेलेही पाळायला सांगितले आहे, हे वाचून दाखवले. खूण म्हणून ते पान दुमडू लागले, तेव्हा पाळक ओरडले, "पान दुमडू नका!" पुढे मास्तरांना लग्नाबद्दल तोबीत नावाच्या ग्रंथाचा आधार हवा होता. त्यांनी बरीच पाने उलटली.

"तोबीत यात नाही," ते शेवटी नसाबीला म्हणाले. "या लोकांनी सात ग्रंथ काढून टाकले आहेत."

"काढले नाई, बावा! कधी नव्हतेच!" पाळक आतापर्यंत पुस्तकी मराठी बोलत होते, ती इथे सुटली.

नाईकांनी हाड बाजूला ठेवले. "थांबा. आमच्या नसाबीत साक्षीदार आला का त्याच्या मागं जामीन बसते. साक्ष खोटी निघाली तं जामिनाच्या डोक्यावर. या पुस्तकाचा जामीन कोन?"

मास्तरांचा चेहरा उजळला. "ख्रिस्तसभा! कोणते ग्रंथ खरे हे तिनेच ठरवले."

"अन् थिचा जामीन?"

"प्रभूने आपल्या शिष्याला, पेत्राला, अधिकार दिला, तो."

"कुठं लिवलंय?" पाळकांनी विचारले.

मास्तरांनी पाळकांचेच बायबल पुन्हा उघडले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानावर बोट ठेवले.

नाईकांनी शेजारी बसलेल्या तांड्याच्या कारभाऱ्याकडे पाहिले. "म्हंजे पुस्तकाची जामीन सभा, अन् सभेचा जामीन पुस्तक. हे आमच्यातनी चालत नाई. मागं दोन भावांनं बैलाच्या भांडनात असंच केलतं. दोघंबी बैलाबिगर घरी गेले."

पाळक हसले. ते जरा लवकर झाले, कारण नाईक त्यांच्याकडे वळले. "तुमचा जामीन?"

"शास्त्राला जामीन लागत नाही. ते स्वतःच स्वतःची साक्ष देते."

"असी तं आमच्याकडे हरेक चोरबी देते."

नसाब हसली. पाळक लाल झाले. पवित्र आत्मा हाच शास्त्राचा जामीन आहे, असे त्यांनी जाहीर केले.

"बोलवा त्यायले."

"ते इथंच आहेत."

नाईकांनी मान वाकडी करून पाळकांच्या मागे पाहिले आणि मग कारभाऱ्यालाही पाहायला सांगितले. कारभारी उठून झाडाला वळसा घालून आला.

तेवढ्यात रूथ चुलीकडून आली. "बाबा, मटन सरलं. भात हाय. निकाल लावा, नाई तं थोबी जाईन."

नाईकांना घाई करणे भाग पडले. दोन्ही जामीन बाद. आता कोणत्याच बाजूचा नसलेला तिसरा जामीन हवा, असे त्यांनी सांगितले. मग त्यांची नजर फिरत माझ्यावर आली.

"हे पेपरवाले. यायचं इथं कोनी नाई. भाऊसाहेब, होता काय जामीन?"

"मी जे पाहिले तेवढ्याचीच हमी देऊ शकतो," मी म्हणालो.

"पुस्तक पाह्यलं ना?"

"पाहिले."

"मंग झालं!"

पाळक आणि मास्तर एकदम उभे राहिले. ज्याचा विश्वास नाही तो पवित्र शास्त्राचा जामीन होऊच शकत नाही, असे दोघेही म्हणाले. नाईकांनी त्यांना पुन्हा बोलायला लावले. दोघे पुन्हा तेच बोलले.

"दोघायचं एकच म्हननं हाय," नाईक म्हणाले. "दोन बाजू राह्यल्या नाई, तं नसाब कायची?" त्यांनी हात धुतले आणि नसाब उठली.

निकाल काय लागला हे कोणालाच सांगता येईना. दाऊदने चुलीतली लाकडे ओढली. "चाल रूथ. वणीले सांगावा धाडतो."

रूथने भाताच्या गंजावर झाकण ठेवले आणि ती गंजाशेजारीच खाली बसली. "मी नाई येत," ती म्हणाली. जोसेफ कुऱ्हाड हातात घेऊन तसाच उभा होता.

याच वेळी फादर मोटारसायकलवरून आले. ते मंगळूरचे, मराठी शिकून बोलत. सगळे ऐकून घेऊन त्यांनी खिशातून एक पत्र काढले. अशा मिश्र लग्नाला बिशपांची परवानगी मागच्याच आठवड्यात आली होती. मुलीने धर्म बदलण्याची गरज नव्हती. शिवाय असले लग्न देवळाच्या आत लावायचेच नसते. कडुनिंब चालण्यासारखा होता.

"मला कळवले नाही?" मास्तरांनी विचारले.

"तुम्ही विचारले नाही," फादर म्हणाले. "फक्त पाळकांचा दाखला लागेल. मुलीचा बाप्तिस्मा झाला आहे आणि ती लग्नाला मोकळी आहे, असा. लेखी."

"लेखी कायले?" पाळक म्हणाले. "मी पाळक हाय. तोंडानं सांगून राह्यलो ना."

"तोंडी चालत नाही," फादर म्हणाले. मास्तरांनी मान डोलावली.

"वा मास्तर!" मरियाबाई म्हणाल्या. "आतापावतर तं तोंडाचंबी चालत होतं!"

पाळकांनी बायबल टॉवेलात गुंडाळले. कॅथलिकांच्या कागदावर आपण सही करणार नाही, असे ते म्हणाले. फादरांनी घड्याळाकडे पाहिले.

रूथ जागची उठली नाही. "पाळक, बाप्तिस्मा तुम्हीच देल्ला ना मले?"

"दिला."

"मंग लिवा ना. न लिवलेलं तं तुम्हीच मानत नाई."

पाळकांनी टॉवेल पुन्हा सोडला. मग त्यांनी माझ्याकडे कागद मागितला आणि बायबल गुडघ्यावर घेऊन त्यावर दाखला लिहिला. फादरांना त्याच्यावर तिऱ्हाईत माणसाची सही हवी होती. पाळकांना लिहिताना मी पाहिले होते. मी सही केली.

आणखी एक कागद होता. होणारी मुले कॅथलिक वाढवायची, असा करार. जोसेफने अंगठा दिला. रूथने वाचून सही केली.

"नातवायले मी शास्त्र वाचून दाखवीन," दाऊद दुसरीकडे पाहत म्हणाला.

"दाखवा, बाबा. पहिले पोरं तं होऊ द्या."

दिवस मावळायच्या आत लग्न लागले. भात उरला होता. तांड्यातल्या बायांनी ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी आणून दिली, आणि नसाब पुन्हा जेवायला बसली. जेवणे झाल्यावर नवरानवरी मरियाबाईंच्या बंडीत चढली. दाऊद नाल्यापर्यंत बंडीमागे चालत गेला. पाळक आणि मास्तर मात्र कडुनिंबाखालीच होते. बायबल पुन्हा मास्तरांच्या हातात गेले होते.

दारव्ह्याचा बाजार पाहिला, यवतमाळ पाहिले आणि त्याच गाडीने परत निघालो. निरोप घेताना पाळकांनी बातमीचे कात्रण मागितले होते. मास्तरांनीही मागितले. "छापून आले की लोक मानतात," मास्तर म्हणाले होते.

कापसाचे दोन्ही लेख छापले गेले. वादाचा मजकूर संपादकांनी वाचला आणि शेवटी कोण बरोबर ठरले, असे विचारले. लग्न झाले, असे मी सांगितले. ते म्हणाले, वादाचा निकाल विचारतो आहे. निकाल नव्हता. मजकूर छापला, पण जागा कमी पडली आणि नेहमीप्रमाणे खालून कापला गेला. कात्री रूथच्या "मी नाई येत" नंतर लागली. पाळकांचे आणि मास्तरांचे कात्रण मी टपालात टाकले. तेवढ्यावर विसंबायचे तर फादर आलेले नाहीत, कागद झालेला नाही आणि रूथ अजून भाताच्या गंजाशेजारी बसलेली आहे.

ती तिथे नाही. मी तिला बंडीत चढताना पाहिले.