त्या घरचं पाणी

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील उदगीरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, हमाल होते. पाऊस नसला की शेतकरी रडतो हे सगळ्यांना दिसतं. पण माल आला नाही तर पोती नाहीत, आणि पोती नाहीत तर हमालाची पाठ रिकामी, हे कुणाला दिसत नाही. दुष्काळाच्या त्या साली वडील रोज मोंढ्यात जात आणि नुसतेच सावलीत बसून परत येत. चूल माझ्या पगारावर पेटत होती. लातूरच्या एका मोठ्या अडत दुकानात मी बी. कॉम. झाल्यापासून कारकून होतो.

लातूर नुकताच उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांत जागा निघाल्या, माझी निवड झाली. दुकानाचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांना रीतसर एक महिन्याची सूचना दिली आणि राजीनामा दिला. पण नेमणुकीचा आदेश काही निघेना, आणि अण्णा शेवटच्या तीन महिन्यांचा पगार आणि बोनस काही देईनात. "पाडव्यानंतर ये," म्हणाले. पाडव्यानंतर गेलो तर गिऱ्हाइकांसमोर हसले, "अरे ग्रॅज्युएट! हिशेब शिकलास ना? आता थांबायचं बी शीक." आणि गड्याला म्हणाले, "ह्याला पाणी पाज अन् वाटंला लाव." गड्यानं आणलेला पेला मी खाली ठेवला. त्या घरच्या पाण्याला पुन्हा ओठ लावणार नाही, असं मनाशी ठरवून पायऱ्या उतरलो.

तक्रार करायला निघालो तर त्याचीही गंमत. लातूरच्या नव्या कामगार कचेरीत पाटी लागली होती, साहेब यायचे होते. तिथला बाबू म्हणाला, उस्मानाबादला जा. उस्मानाबादेत सांगितलं, तुमचा जिल्हा आता लातूर. एसटीच्या भाड्यात उरलेसुरले पैसे गेले.

इकडे माझी धाकटी बहीण शांता हिला नांदेडच्या अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला होता. फी भरायची मुदत दोन दिवसांनी संपत होती. ती मला म्हणाली, "दादा, तुझी डिग्री भिंतीला टांगलीय ना, तिला विचार की माझी फी कवा देती." बोलली हसत; पण आत जाऊन तोंडावर पदर घेऊन बसली. मला रात्रभर एका कुशीवर पडवेना.

आम्ही लिंगायत; माझी लिंगदीक्षा लहानपणीच झालेली. लिंगपूजा केल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, हा नेम मी कॉलेजातही मोडला नव्हता. पण त्या दिवसांत पूजा नुसती हाताची झाली होती. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग असायचं आणि डोळ्यांसमोर अण्णांची गल्लापेटी. मी विचारत असे, देवा, खरं वागूनही माणसानं दारोदार का फिरायचं? उत्तर येत नसे, आणि मला बसवत नसे.

दुसऱ्या दिवशी उदगीरहून पहिल्या गाडीनं लातूरला निघालो. टँकर आला नव्हता, म्हणून पूजेपुरतं पाणी फिरकीच्या तांब्यात घेऊन पिशवीत ठेवलं. फिरकी ढिली निघाली. वाटेत शेजारची बाई ओरडली, "ओ भाऊ, पाणी सांडून राहिलं की तुमचं! माझं लुगडं भिजलं. बाकी लोकांला प्यायला न्हाई, अन् तुम्ही शिडकावा करून राहिले!" गाडी हसली. तांब्यात थेंब उरला नव्हता.

लातुरात नळावर घागरींची रांग होती आणि नळ कोरडा होता. हॉटेलातलं पाणी चहा घेणाऱ्याला, आणि उष्ट्या पेल्यांनी उपसलेलं ते पाणी लिंगाला घालायला मन होईना. तसाच उपाशी दुकानावर गेलो. अण्णा सौद्यात होते. मी ओट्यावर बसलो, उठलो, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो, पुन्हा बसलो. ऊन चढलं. नांदेडची गाडी गाठायची तर फार वेळ नव्हता.

दुकानाच्या मागेच त्यांचं घर. मधल्या दारात अण्णांच्या आई येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळे अव्वा म्हणत. माझ्या नोकरीच्या चार वर्षांत त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. माझ्या विभूती नसलेल्या कोरड्या कपाळाकडे पाहून त्यांनी आमच्यातला नमस्कार घातला.

"शरणार्थ, बाबा. लिंगपूजा झाली न्हाई व्हय?"

जेवण झालं का विचारलं असतं तर मी झालं म्हणून मोकळा झालो असतो. यावर खोटं बोलता येईना. "न्हाई, अव्वा. पाणी न्हाई."

"मग आत ये की. बाहेर काय बसलास?"

मी जागचा हललो नाही. "अव्वा, ह्या घरचं पाणी मी घेणार न्हाई म्हणलोय."

"कुणाला म्हणलास? लिंगाला इचारलंस का?"

माझा राग माझा होता. तहान मी लिंगालाही लावली होती. मी चपला काढल्या. त्यांनी आपल्या संध्याकाळच्या पूजेचं झाकून ठेवलेलं पाणी माझ्या तांब्यात ओतलं. विभूती लावली, लिंग हातावर घेतलं, पाणी घातलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा गल्लापेटी दिसली नाही. काहीच मागितलं नाही. किती वेळ बसलो ते कळलं नाही.

डोळे उघडले तर समोर दोन ताटं वाढलेली, माझं आणि त्यांचं. मी हात जोडले, जेवण नको म्हणालो. "कामून?" त्यांनी विचारलं. तेव्हा सगळं सांगितलं, शांताची फीसुद्धा. त्यांनी आवाज चढवला नाही. दाराशी जाऊन हाक मारली, "अण्णा, आत ये."

"अव्वा, गिऱ्हाईक हाय."

"असू दे. ह्यानं आपल्या घरी लिंगपूजा केली. ह्याचं देणं घरात ठिवून मी घास कसा गिळू?"

"तुला धंद्यातलं कळत न्हाई, अव्वा."

"न्हाई कळत. भूक कळती. तू सौदा कर, मी बसते अशीच." आणि त्या खरंच आपल्या ताटापासून लांब, भिंतीला टेकून बसल्या.

अण्णांनी उंबऱ्यातूनच मुनिमाला हाक मारली. पैसे माझ्या हातात देताना म्हणाले, "घे. कलेक्टर झालास की वळख दे मला." उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. त्यांना शरणार्थ म्हणालो, अव्वांच्या पाया पडलो, आणि अव्वा अन् मी आपापल्या ताटावर बसलो.

याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते मी ठरवत नाही. फिरकी ढिली नसती तर मी पूजा आटोपून गेलो असतो, अव्वांना खरं उत्तर द्यायची वेळच आली नसती, एवढंच मला माहीत आहे. शरण जाणं म्हणजे हक्क सोडणं, असं मला वाटायचं, म्हणून ते मला जमत नव्हतं. हक्क मी सोडला नाही आणि देवानंही तो सोडायला सांगितला नाही. सोडायचा होता तो ताठा; तोही एका वृद्ध बाईनं हलक्या हातानं सोडवला. तिचं ऋण माझ्यावर आहे.

मला तीन महिन्यांचा पगार आणि बोनस पूर्ण मिळाला. त्याच दुपारी नांदेडची गाडी धरली आणि दुसऱ्या दिवशी मुदतीत शांताची फी भरली. ती डी. एड. झाली आणि अहमदपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली.