ताईंनी सांगितलेली मोरी

"नंबर नको, माणूस सांगा."

आमच्या बैठकीत कुणी म्हणालं की अमुक चेनेजला काम अडलंय, की टेबलाच्या त्या टोकाकडून हे वाक्य ठरलेलं. चेनेज म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर. आम्ही इंजिनियर मंडळी त्याच भाषेत बोलतो. ताई पेनाला टोपण लावायच्या, पेन बाजूला ठेवायच्या आणि विचारायच्या, "कुणाच्या घरामागं अडलंय?" सर्वेअर डोकं खाजवत म्हणायचा, "ते... पिवळी टाकी आहे बघा तिथं." लगेच ताईंचा चेहरा उजळायचा. "हां, म्हणजे सखूमावशीचं वावर. तिच्या सुनेला बाळ झालंय. या आठवड्यात मशीन नेऊ नका, मी आधी बारशाला जाऊन येते."

ताई बारशाला जायच्या आणि काम सुटायचं.

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कचेरीत अशी बाई पाहिली असेल. हुद्दा मोठा नसतो, पण ती रजेवर गेली की सगळं ठप्प होतं. आमच्याकडे ताईंचं काम होतं गावकऱ्यांशी बोलणं. मावळातून जाणारा एक मोठा रस्ता आम्ही बांधत होतो. कुठला ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. कुठलं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार, याचं वेळापत्रक लावणं ही माझी नोकरी होती; आणि ते दर आठवड्याला चुकलं हे साहेबांना सांगणंही माझ्याच वाट्याला यायचं. पत्र्याच्या कंटेनरमध्ये आमची कचेरी होती. त्यात माझ्या शेजारचं टेबल ताईंचं. पण तिथं त्या क्वचितच सापडायच्या.

पंचेचाळिशीच्या असतील. माहेर मावळातल्याच परंदवडीचं. आमच्याशी पुण्याच्या माणसासारखं बोलायच्या, पण स्कूटरवरून गावात शिरल्या की पहिल्या घरापाशीच त्यांची भाषा बदलायची. "काय वो मावशी, भात कांडून आणलं का न्हाई?" दारात चपला काढून सरळ उंबऱ्यावर बसायच्या. प्रत्येक घरात चहा. त्यामुळं पित्ताची गोळी कायम पर्समध्ये. "हा रस्ता माझ्या पोटावरून चाललाय," असं एकदा म्हणाल्या होत्या.

एकदा एक तरुण शेतकरी पोकलेनच्या पुढ्यात आडवा झाला. पोलिसांना बोलवायचं की नाही यावर आमची चर्चा चालू होती. ताई आल्या आणि त्या माणसाशेजारी चिखलात फतकल मारून बसल्या. साडीचं वाटोळं झालं. बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. शेवटी तो उठला, त्यानं ताईंना हात देऊन उठवलं आणि दोघं त्याच्या घराकडं चालू लागले. मी नंतर विचारलं, काय सांगितलं? म्हणाल्या, "काही नाही. त्याच्या विहिरीची पाइपलाइन तुमच्या माणसांनी तोडली आणि सॉरीसुद्धा म्हणाले नाहीत. आज जोडून द्या." पाइपलाइन त्याच दिवशी जोडली.

आता आबांची गोष्ट सांगतो. ताई म्हटलं की मला तीच आठवते.

कार्ल्याच्या अलीकडं एक लहान गाव आहे. रस्त्याचा उंच भराव त्या गावाच्या आणि गावाच्या भातखाचरांच्या बरोबर मधून जाणार होता. घरं एका बाजूला, शेतं दुसऱ्या. गावात आबांचा शब्द चालायचा. ते हो म्हणाले तर बाकीचे हो म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताई मला मुद्दाम बरोबर घेऊन गेल्या, नकाशा दाखवायला. मी ओटीवर नकाशा पसरला. आबांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पल्याडच्या खाचरात जायचं कुटून?" एवढंच विचारलं.

नकाशात भरावाखालून चांगली रुंद मोरी होती. भुयारी वाटच म्हणा ना. ताईंनी काडीनं अंगणात रेघा मारून दाखवल्या. "हितून खाली उतरायचं, रस्त्याखालून जायचं, की खाचर. बैलगाडीच काय आबा, भात कापायचं मशीन जाईल."

"कागदावरचं न्हाई इचारत मी. तुमी सांगताय का?"

"व्हय. मी सांगते."

आबांनी सुनेला हाक मारली, "चहा टाक गं." काम झालं होतं. आणि ताई जे बोलल्या ते त्या दिवशी अगदी खरं होतं. हे मी स्वतः नकाशात पाहिलेलं आहे.

मोठ्या कामात नकाशे बदलतात. पुढच्या डोंगरकापात आम्हाला अंदाजापेक्षा कठीण खडक लागला. त्यामुळं रस्त्याची पातळी बदलली आणि गावापाशी भराव ठेंगणा झाला. भराव ठेंगणा झाल्यावर त्याखाली तेवढी उंच मोरी मावेना. ती जमिनीत खोल नेली तर मावळातल्या पावसात तिचं तळं होणार. दिल्लीकडच्या सल्लागारांनी नीट विचार करून मोरी रद्द केली, पावसाच्या पाण्यासाठी साधे पाइप टाकले, आणि शेतकऱ्यांसाठी पुढच्या पुलाखालून लांबचा वळसा दाखवला. त्यांच्या खोलीत बसून पाहिलं तर यात गैर काहीच नव्हतं. नवे नकाशे गठ्ठ्यानं आले. ज्याला बांधायचं त्याला मिळाले, ज्याला मोजमाप करायचं त्याला मिळाले. ताईंना नकाशे पाठवायची पद्धतच नव्हती. त्या कुठं काय बांधत होत्या?

त्यांना कळलं ते सिमेंटचे पाइप उतरताना पाहून. गावाकडून येता येता त्यांनी स्कूटर थांबवली आणि फोरमनला विचारलं, "हे इथं कशाला?"

"पाण्याला, ताई."

"आणि माणसांना?"

फोरमनला काय ठाऊक असणार? तो म्हणाला, "माणसांचं काही आलेलं नाही."

त्या तशाच कचेरीत आल्या. प्रोजेक्टचे साहेब माझ्या टेबलापाशी उभे होते. साहेब वाईट माणूस नव्हता. पावसाळा तोंडावर आला होता, भराव पुरा व्हायचा होता, वरून रोज फोन येत होते. त्यांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत बसले.

"ताई, तुमचं बरोबर आहे. पण आता बदल मागितला तर तो सल्लागाराकडं जाणार, तिथून सरकारकडं, तिथून परत. पावसाळा निघून जाईल. तुम्ही गावाला सांगा, पुढच्या टप्प्यात करू."

"पुढचा टप्पा आहे?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या वेळापत्रकात पुढचा टप्पा नव्हता. "नाही," मी म्हणालो.

"मग मी तसं सांगू शकत नाही," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पर्स उचलली, आणि दारातून मागं वळून मला म्हणाल्या, "सर, तुमची गाडी आहे ना? मला गावात सोडता? तेव्हा नकाशा तुम्हीच दाखवला होता."

ऊन उतरत होतं. आबा अंगणातच होते. ताई नेहमीच्या उंबऱ्यावर बसल्या नाहीत, उभ्या राहूनच बोलल्या. मोरी होणार नाही, फक्त पाण्याचे पाइप टाकणार, हे सरळ सांगून टाकलं. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथंच थबकली.

आबा म्हणाले, "तुमाला ठावं व्हतं?"

"नाही आबा. आज कळलं."

"मग दोष तुमचा न्हाई."

ताईंना क्षणभर बरं वाटलं असावं. पण आबांचं बोलणं संपलं नव्हतं.

"तुमच्या सायबानं येऊन सांगितलं असतं, तर मी हो म्हनलोच नसतो. धा वेळा इचारलं असतं, लिहून घेतलं असतं. तुमी सांगितलं म्हनून काय इचारलं न्हाई."

एवढं बोलून ते उठले आणि घरात गेले. ताईंनी सुनेच्या हातातला तांब्या घेतला, उंबऱ्यावर ठेवला आणि गाडीकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी गाव काम अडवायला येऊन बसलं. डंपर उभे राहिले. साहेबांनी ताईंना समजूत काढायला पाठवलं. ताई गेल्या, आणि सगळ्या गावासमोर त्यांनी नकाशा का बदलला, कुणाकडं अर्ज करायचा, काय मागितलं तर मिळेल आणि काय मागून मिळणार नाही, हे समजावून सांगितलं. समजूत काढणं म्हणजे काय, याची त्यांची कल्पना तीच होती. कंपनीची वेगळी होती. दोनेक दिवसांत ताईंना त्या गावाच्या कामातून बाजूला केलं.

काम अडून राहिलं. शेवटी मधला मार्ग निघाला. पाइपांच्या जागी एक चौकोनी मोरी बांधायची. गाय जाईल, माणूस ताठ चालत जाईल, एवढी. यंत्र जाणार नाही, बैलगाडी जाणार नाही. ताई सभेत जे बोलल्या त्याशिवाय एवढंही मिळालं नसतं, असं माझं मत आहे. गावात तसं कुणी म्हटल्याचं मात्र मी ऐकलं नाही.

मोरीचा स्लॅब टाकून झाला त्या आठवड्यात ताईंनी राजीनामा दिला. साहेबांनी थांबा म्हणून पुष्कळ सांगितलं. "माझं भांडवल संपलं हो साहेब," असं म्हणून त्या हसल्या. आम्ही कंटेनरमध्ये सामोसे मागवले. त्यांनी निम्मा खाल्ला आणि पर्समधून गोळी काढली.

नंतर मी त्यांना पाहिलं ते भातकापणीच्या दिवसांत. मी भरावावर डांबरीकरणाच्या कामासाठी उभा होतो. खाली मोरीपाशी बायकांची रांग दिसली. गावच्या बायका पलीकडून डोक्यावर भाताचे भारे घेऊन येत होत्या. मोरीच्या तोंडाशी प्रत्येकीला थांबावं लागत होतं. भारा खाली उतरवायचा, वाकून आतून ओढत न्यायचा, आणि अलीकडं आल्यावर पुन्हा डोक्यावर चढवायचा. एकटीला चढवता येत नाही. चढवून द्यायला अलीकडच्या तोंडाशी कुणीतरी उभं होतं. पदर खोचलेला, केसांत भाताचं तूस. ताई होत्या.

मी उतरून गेलो. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"सर, उंची कशी धरली होती याची?"

"माणूस ताठ जाईल अशी."

"डोक्यावर भारा नसलेला माणूस," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. "मीसुद्धा तेव्हा ऐकलं आणि बरं म्हणाले. माझ्याही लक्षात आलं नाही." तेवढ्यात पुढची बाई आली आणि त्या भारा उचलायला वाकल्या.

आबा थोड्या अंतरावर बांधावर बसले होते. पाठ आमच्याकडं. सून हळूच म्हणाली, "ताई रोज येत्यात. पन आबा बोलत न्हाईत त्यांच्यासंगं." आणि ताईही स्वतःहून बोलायला जात नव्हत्या. दुपारी सगळ्या भाकरी खायला बसल्या तेव्हा ताई सुनेच्या शेजारी बसल्या, आबांना पाठमोऱ्याच. पुढल्या वर्षीही कापणीला त्या आल्याचं मला फोरमनकडून कळलं.

रस्ता सुरू झाला, आमची कचेरी उचलली गेली, मी दुसऱ्या कामावर गेलो. यंदा लोणावळ्याहून परतताना वाट वाकडी करून त्या गावात शिरलो. कापणीचे दिवस, पण मोरीपाशी कुणी नव्हतं. पलीकडच्या खाचरात गवत माजलं होतं. आबांची सून अंगणात धान्य पाखडत होती. तिनं ओळखलं.

"पल्याडचं सोडलं आता," ती म्हणाली. "मशीन जात न्हाई, आन् बाया मिळत न्हाईत भारं वाहायला. आमीच ताईंना कळवलं, यंदा येऊ नगा, उचलायला कायच न्हाई."

"आबा कसे आहेत?"

"लय थकल्यात. पडूनच असत्यात." तिनं सूप खाली ठेवलं आणि जरा आवाज उतरवला. "परवा मला इचारलं, ती ताई का आली न्हाई म्हनून. मी सांगितलं, आपुनच नगं म्हनलं. तर माझ्यावर खेकसले. म्हनले, कामाला नगं म्हनलीस, चहाला बी नगं म्हनलीस का?"

मग म्हणाली, "तुमची गाठ पडली तर सांगा त्यांना. आमचा फोन त्या उचलत न्हाईत."

मी गाडीत बसल्या बसल्या ताईंना फोन लावला. त्यानंतरही लावला आहे, निरोप पाठवला आहे. घंटी पूर्ण वाजते आणि बंद होते.