पद्मासनाचं पुढचं पान

आमच्या घराण्यात मिताहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याला मिताहार म्हणतात, हे मात्र मला बी.ए. झाल्यावर समजलं!

बाबा खाडीकाठच्या मिठागरात पाट्या वाहायचे. मी घराण्यातला पहिला पदवीधर. (पहिला मॅट्रिकही मीच, आणि पहिला चौथी पासही मीच. रांगेत दुसरं कोणी उभंच नव्हतं.) पदवीच्या जोरावर ठाण्यात कारकून झालो, खोपटला चाळीत एक खोली मिळाली, आणि बायको, सहा वर्षांचा वसंता, चार वर्षांची कुंदा आणि आठवड्यातून चार दिवस पेज, असा संसार सुरू झाला. त्यात वसंताला गोवर निघाला. पोर उठलं ते काडी होऊनच.

बाबा नातवाला बघायला आले. वजन करायची त्यांची पद्धत वेगळी होती. माणूस मिठाच्या पाटीत बसवायचा, पाटी डोक्यावर घ्यायची आणि मानेला विचारायचं! जन्मभर पाट्या वाहिलेली ती मान; तिचा अंदाज कधी चुकत नसे. वसंताला उचलून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"नाऱ्या, पाटीन पोऱ्या हाय का नुसता वारा?"

"बाबा, आजारातून उठलाय. भरेल हळूहळू."

"एक महिना देतंय तुला. नाय भरला, तर मी त्याला न्हेतंय आगरावर. खाडीचा म्हावरा खाईल, उन्हान फिरंल, आंग धरंल."

"आणि शाळा?"

"शाला!" बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू शिकलास. तुझ्या आंगाला काय लागला?"

मी हादरलो. मिठागरावर गेलेलं पोर शाळेत परत येत नाही, हे मी माझ्या दोन्ही भावांवरून पाहिलं होतं.

बाबांशी वाद घालायची हिंमत नव्हती. म्हणून पदवीधर माणूस जे करतो तेच केलं. ग्रंथालयात गेलो आणि योगासनांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आलो. छापलेलं असेल ते खरंच असतं, अशी तेव्हा माझी श्रद्धा होती.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला सगळं कुटुंब जमिनीवर! खोली दहा बाय दहाची. त्यात चूल, ट्रंक आणि पाण्याचं पिंप. त्यामुळे दोघांनी पाय वर केले की बाकीच्या दोघांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं, असा नियम केला. सर्वांगासनात माझे पाय थेट वलणीवरच्या कपड्यांत जायचे. एकदा खाली आले ते बायकोचं लुगडं घेऊनच. कुंदाला भुजंगासन भारी आवडलं. भुजंग म्हणजे नाग, हे कळल्यावर तर ती सरपटत येऊन चावायलाही लागली!

"अहो, आवरा हिला! पोटरीला चावली माझ्या!"

"तू आसन मोडू नकोस. श्वास सोड."

"श्वास काय, घर सोडून जाईन मी! नळावरून चार हंडे आणा एकदा, म्हणजे कळेल आसनं कशी होतात ती!"

वसंता मात्र आसनापेक्षा पुस्तकातच जास्त. शाळेत नुकती बाराखडी झालेली, त्यामुळे चित्रांखालची अक्षरं लावत बसायचा. मी ओरडायचो, "पुस्तक खाली ठेव! आधी पाय वर कर!"

पुस्तकात आहाराचंही प्रकरण होतं. पोट पूर्ण भरू नये, थोडं रिकामं ठेवावं. मी त्याच दिवसापासून अंमल सुरू केला.

"अहो, पोराचं वजन वाढवायचंय ना आपल्याला?" बायको म्हणाली.

"पुस्तकात लिहिलंय."

"लिहिणारा जेवून लिहायला बसला असेल!"

महिना भरला त्या दिवशी सकाळीच बाबा पाटी घेऊन दारात हजर! शेजारच्या सामंतकाकूही उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. वसंता पाटीत बसला. बाबांनी पाटी डोक्यावर घेतली, डोळे मिटले.

"तेवढाच हाय," ते म्हणाले. मग मान जरा हलवून, "नाय. कमीच झालाय!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तशी नजर कुठल्याही पुस्तकात वर्णन केलेली नाही.

"पोऱ्याचे कपरे बांध," बाबांनी मला फर्मावलं. पाटीतून उतरून वसंता आईला बिलगला. "मला शाळेत जायचंय," तो कसाबसा म्हणाला. बायकोने पदर डोळ्यांना लावला. आता काहीतरी करणं भाग होतं.

"थांबा बाबा! योगात वजन बघत नाहीत! अंग किती वळतं ते बघतात!" असं म्हणून मी बद्धपद्मासन घालायला बसलो. पद्मासनाची मांडी घालायची आणि हात पाठीमागून नेऊन पायांचे अंगठे धरायचे. महिनाभर जे जमलं नव्हतं ते त्या क्षणी जमलं! छाती फुगवून मी म्हणालो, "बघा!"

"बगला. आता ऊठ."

उठता येईना! पोटऱ्यांत गोळे आले, आणि धोतराचा सोगा अंगठ्यांत अडकून हातांना गच्च आवळला. बाबांनी उजवीकडून ओढलं, बायकोने डावीकडून. मी गडगडत पिंपावर जाऊन आदळलो!

"अण्णांचा लाडू झाला!" कुंदा माझ्याभोवती टाळ्या पिटत नाचली.

"ओढू नका हो! आधी तेल लावा," सामंतकाकू म्हणाल्या. "फणस चिरताना लावतो तसं."

"अहो, पण सोडायचं कसं ते पुस्तकात असेलच की!" बायको ओरडली.

असणारच. पण ते मी वाचलंच नव्हतं! आसन घालायची कृती जिथे संपली त्याच पानावर मी पुस्तक मिटलं होतं. (बी.ए.चा अभ्यासही मी साधारण असाच केला होता.) आता वाचणार कोण? बायकोला आणि बाबांना अक्षरओळख नव्हती, काकूंचा चष्मा घरी होता, आणि मी जमिनीला नाक लावून पालथा!

तेवढ्यात वसंताने पुस्तक ओढलं, पान उलटलं आणि बोट ठेवून सुरुवात केली.

"प्र... थम... डा-वा हा-त सो-डा-वा. मग उ-ज-वा. श्वा... श्वास सो-डू-न पा-य मो-क-ळा क-रा-वा."

तो एकेक शब्द लावत गेला, तसतसा बाबांनी माझा एकेक अवयव सोडवला. शेवटी मी लांब आडवा झालो. पण माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. बाबा वसंताकडे बघत होते.

"पोऱ्या, हा सगला त्या कागदान लिवलेला हाय?"

"हो आजोबा. जोडाक्षरं अडतात अजून."

बाबांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंच, आणि अक्षरांवरून खरखरीत बोट फिरवलं. मग ते परत त्याच्या हातात दिलं आणि पाटी पालथी घालून तिच्यावर बसले. "वाच आजून."

वसंताने मयूरासन वाचलं, मत्स्यासन वाचलं. बाबा मान डोलवत ऐकत राहिले. मग उठून म्हणाले, "पोऱ्या हितंच ऱ्हाईल. शालेन जाईल. सूनबाय, त्याला पोटभर घाल, म्हावरा मी देईन." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "आनी याला मी न्हेतंय!"

वसंता शाळेत राहिला आणि पुढे आमच्या घराण्यातला दुसरा पदवीधर झाला, तोही पहिल्या वर्गात. मी मात्र त्या उन्हाळ्यात दर रविवारी आगरावर मिठाच्या पाट्या वाहिल्या. खांदे भरले, मान जाड झाली, पोटऱ्या दगडासारख्या घट्ट! कचेरीत साहेबांनी मुद्दाम बोलावून विचारलं, "नारायणराव, तब्येत झकास झाली हो! करता काय?"

मी ताठ उभा राहिलो आणि एक खोल श्वास घेऊन सांगितलं, "योगासनं!"