एकाच ताग्यातली सहल

टीपकाकूंकडे कपडे शिवायला टाकायचे असतील तर घाईत जाऊ नका. काकू खांद्याचं माप घेतील, बाहीचं घेतील, आणि कमरेपाशी आल्या की टेप तुमच्या पोटाभोवती तशीच धरून म्हणतील, "आम्ही त्या उन्हाच्या देशात गेलो होतो ना, तेव्हाची गंमत!" मग सुटका नाही. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं आणि काकूंचं हसणंच आवरत नाही.

तेव्हा काकू तरुण होत्या. नवऱ्याच्या कंपनीने बक्षीस म्हणून सगळ्या कुटुंबाला समुद्रकाठच्या एका हॉटेलात पाठवायचं ठरवलं. नवरा हवेत, दोन्ही पोरं त्याच्याही वर. सासूबाई मात्र तोंड वाकडं करून बसलेल्या. शेजारीपाजारी काकूंच्या शिवणाची तारीफ करून थकायचे, पण या बाईंना कधी गळा खोल वाटायचा, कधी बाही आखूड. "उसव आणि टीप परत घाल," हे ठरलेलं वाक्य. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एक बरा शब्द म्हणून नाही. काकूंना सोनंनाणं नको होतं, तो एक शब्द हवा होता. या सहलीत तो मिळवायचाच, असा त्यांनी चंग बांधला.

कापडवाल्याने एक तागा पुढे टाकला. निळ्या रंगावर केशरी फुलं, एकेक फूल ताटाएवढं. "त्याच देशातून आलाय, वहिनी. तिकडे सगळे हेच घालतात." आता कापडवाला जन्मात एकदाच खरं बोलला आणि नेमकं तेव्हाच काकूंनी त्याला नीट विचारलं नाही. नवऱ्याला शर्ट, पोरांना शर्ट, स्वतःला फ्रॉक, सासूबाईंना दोन खिशांचा ऐसपैस झगा. शिवणीवर फुलाला फूल असं जुळवलं, की जोड शोधून सापडू नये.

"पडदा गुंडाळल्यासारखं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या.

हॉटेलच्या दारात पोचले आणि दार उघडणारा माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला. निळा शर्ट, केशरी फुलं! आत काउंटरवरची मुलगी तशीच, झाडूवाला तसाच, चहा नेणारे तसेच. हॉटेलचा गणवेशच तो! काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात एका ढेरपोट्या पाहुण्याने आपल्या दोन बॅगा नवऱ्याच्या हातात दिल्या, आणि त्या भिडस्त माणसाने त्या मुकाट्याने वर नेऊन पोचवल्या.

"कपडे बदला आधी!" काकू ओरडल्या. बॅग उघडली, तर आतही तेच. रात्रीचे झगे, पोहायच्या चड्ड्या, टोप्या, रुमालसुद्धा. तागा संपेपर्यंत बाई थांबल्याच नव्हत्या ना!

पोरांची चैन झाली. कुणी टॉवेल मागितला की धावत नेऊन द्यायचा आणि बदल्यात चॉकलेट उकळायचं. सासूबाई व्हरांड्यात फुगून बसल्या होत्या. एका पाहुण्या बाईने आपल्या भाषेत त्यांना काहीतरी विचारलं. यांना ओ की ठो कळलं नाही. यांनी जरबेने डावीकडे बोट दाखवलं. बाई गेली आणि खूश होऊन परत आली. झालं! सासूबाईंच्या अंगात मॅनेजर संचारला. खिशात हात घालून त्या खोल्याखोल्यांतून फिरू लागल्या, चादरीची सुरकुती दिसली की खऱ्या नोकरांना खुणेने फैलावर घेऊ लागल्या, नाश्त्याला पाहुण्यांची रांग लावू लागल्या. नोकर त्यांना वचकून शहाळी आणून द्यायचे. काकूंच्या हसून हसून पोटात दुखायचं, लाज कुठल्या कुठे पळाली.

शेवटी खरा मॅनेजर आला. सगळा प्रकार कळल्यावर तो खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. मग त्याचं लक्ष शिवणीकडे गेलं. नोकरांचे शर्ट गोणपाटासारखे लोंबत होते, यांचे कसे चापूनचोपून बसलेले. तो नवऱ्याला म्हणाला, "या बाईंना इथेच राहू द्या. राहायला खोली देतो, चांगला पगार देतो, सगळ्यांचे कपडे यांनीच शिवायचे."

काकूंनी आशेने सासूबाईंकडे पाहिलं. आता तरी!

"काय म्हणतोय हा मेला?" सासूबाईंनी विचारलं. काकूंच्या नवऱ्याने सांगितलं. बाई ताडकन उठल्या. "सांग त्याला, मिळायची नाही! ही घरात आल्यापासून दुसऱ्या कुणाचं शिवलेलं मी अंगाला लावलेलं नाही, लावणारही नाही!"

काकूंचा आधी कानांवर विश्वासच बसेना. मग भडकल्याच त्या. "मग रोज नावं कशाला ठेवत होतात?"

सासूबाईंनी झग्याच्या खिशांत हात घातले. मग समुद्राकडे बघत म्हणाल्या, "चांगलं झालंय म्हटलं असतं, तर घडी करून हातात दिलं असतंस आणि गेली असतीस गिऱ्हाइकांकडे. उसवायला म्हणून का होईना, घटकाभर माझ्याजवळ बसायचीस."

काकू एकदम हसल्या आणि त्याच हसण्यात रडायला लागल्या. सासूबाईंनी खिशातून रुमाल काढून दिला, अर्थात केशरी फुलांचाच.

सासूबाई जाऊन आता खूप वर्षं झाली. अजूनही एखादं म्हातारं गिऱ्हाईक नीट बसलेला कपडा परत घेऊन येतं, उगाच बाहीची खोड काढतं. दुकानातली मुलगी वैतागते. काकू काही वाद घालत नाहीत. शेजारचं स्टूल पुढे ओढतात आणि म्हणतात, "बसा, उसवते."