चौदा तासांची कच्ची शिलाई

पक्की शिलाई मारण्याआधी लांब टाक्यांची कच्ची शिलाई घालायची, कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायचा आणि मगच मशीनला पाय लावायचा, हा शिवणवाल्या मावशींचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्यामुळे परदेशातल्या लेकीने फोनवर विचारलं, बाळंतपणाला येतेस ना, उद्यापर्यंत सांग, तिकीट काढते, तेव्हा मावशी हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. जीव लेकीकडे ओढत होता. पण एकदा लिफ्ट मध्येच अडकली होती, तेव्हा त्यांचा श्वास कोंडला होता. इथे तर चौदा तास बंद डब्यात बसायचं, तेही अधांतरी.

अंतर बारा हजार किलोमीटर. मावशींच्या यजमानांनी जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवलेली. एवढं तर मी महिन्याभरात तोडायचो, म्हणत त्यांनी ते अंतर खिशात टाकलं. त्यांना स्वतःला डॉक्टरांनी विमान नको म्हणून बजावलं होतं. मावशींना एकटीनेच जावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मावशींनी खिडकीपाशी खुर्ची मांडली, गुडघ्यांना लागेल इतकं मशीन पुढे ओढलं आणि कापडाच्या पट्टीने कंबर खुर्चीला बांधून घेतली. मग यजमानांना सांगितलं, मी निघाले.

यजमानांनी ट्रेमधून चहा आणला. पँट न्यायला आलेल्या शेजाऱ्याला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. "ती समुद्रावर आहे. संध्याकाळी उतरेल."

कोपऱ्यात कुणाच्या तरी पांढऱ्या पडद्यांचा ढीग पडला होता. ऊन सरकलं तसा तो फुगत गेला, खिडकीला टेकला, आणि मावशी त्याच्यावरून अलगद जाऊ लागल्या. खाली चिंध्यांच्या ढिगात तीच लेक, लहानपणीची, झोपली होती, मुठीत रिकामं रीळ. वाकून तिच्या अंगावर काहीतरी घालावं म्हणून त्या पुढे झाल्या आणि पट्टीने त्यांना मागे खेचलं.

पुन्हा ती लिफ्ट. हात गाठीकडे गेला.

यजमानांनी गाठ सोडली नाही. स्टूल ओढून ते शेजारी बसले. घाटात एखादी बाई घाबरली की ते तिला वाटेत पुढे काय येतंय ते सांगत राहायचे. तसंच आता सांगू लागले. आता डोंगर लागलेत. आता नुसती वाळू. हे बघ, तळं आलं, नाण्याएवढं.

मावशींचा श्वास सावकाश परत आला. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले. "आता तुम्ही जा. पुढचं मी सांगते."

आणि त्या स्वतःशीच सांगत राहिल्या. बर्फ. नदी. एक दिवा लागलेलं घर.

दिवेलागणीला यजमान म्हणाले, "चला, उतरा. आपापलं सामान सांभाळा." मावशींनी गाठ सोडली. पाय लाकडासारखे झाले होते. भिंतीला धरत त्या दारापर्यंत गेल्या आणि दार उघडलं. बाहेर तोच जिना, तीच शेजाऱ्यांची सायकल.

इतका लांबचा प्रवास करून आलं आणि दारात लेक नाही, याचं त्यांना खरोखरच वाईट वाटलं. तिथेच उभ्या राहून त्यांनी फोन लावला.

"आई, कुठे आहेस? दिवसभर वाट बघतेय."

"आत्ताच उतरले," मावशी म्हणाल्या. "अंगाला बरोबर बसतंय. काढ तिकीट."