कोनच्या फार्महाऊसवर दोन दिवस एकाग्रता

माझी भावजय सरिता तीन वर्षं सीए फायनलला बसतेय. परीक्षा महिन्यावर आली आणि ती नुसता अभ्यासच करतेय, हे घरात कुणाला बघवेना. "वाचून काय होतंय? मन लागायला हवं," आई म्हणाली. मग मीच 'ध्येय आणि एकाग्रता' असं दोन दिवसांचं निवासी शिबिर शोधून दोघींची नावं घातली.

"ताई, पुस्तकं आणली तर चालतील ना?" सरिताने एवढंच विचारलं.

शनिवारी सकाळी नवीन पनवेलहून रिक्षाने, पळस्पे फाटा ओलांडून कोन गाव. रिक्षाचं मीटर पडत नाही, भाडं बसायच्या आधी ठरवा. आणि मिसळ हाणूनच निघा, कारण तिथे नाश्त्याला मोड आलेले मूग आणि कोमट पाणी मिळतं.

दारातच शिबिर घेणाऱ्या सरांनी टोपलीत सगळ्यांचे मोबाइल जमा केले. स्वतःचे दोन ठेवले. मग डोळे मिटून दहा वर्षांनंतरचं आयुष्य बघायचं होतं. मी गेल्या वर्षी बेकरी काढणार होते, यंदा हाफ मॅरेथॉन पळणार आहे, त्यामुळे मला बरंच काही दिसलं. सरिता मागे पुस्तक उघडून बसली होती.

"मॅडम, आधी उद्देश शोधा. अभ्यास नंतर."

"उद्देश सापडलाय सर. जीएसटी राहिलाय."

तिची ऊर्जा नकारात्मक आहे म्हणून सरांनी तिला व्हरांड्यात बसवलं. तिला तेच हवं होतं. संध्याकाळी शेजारच्या हळदीचा डीजे सुरू झाला. आत आम्ही मौन पाळत होतो आणि खिडक्या थरथरत होत्या. बाहेर सरिता कानात कापूस घालून पानं उलटत होती.

शिबिराची खिचडी टाळा. फार्महाऊसचे मालक काशिनाथशेठ मागेच राहतात. त्यांच्याकडे जिताडा माशाचं कालवण होतं, त्यांनी आम्हा दोघींना आग्रहाने वाढलं.

"उद्या तुमी जागा बघायला जानार ना?"

"कसली जागा?" मी विचारलं.

"अजून नाय सांगितलं? सांगतील. दर रविवारी बस जाते."

रविवारी बस गेली. ध्येयाला पत्ता लागतो, असं सर म्हणाले. पत्ता म्हणजे माळावर पांढरे दगड रोवून पाडलेले प्लॉट. विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे म्हणे. सगळे उतरले, सरिता उतरली नाही. सर बसच्या पायरीवर चढले.

"मॅडम, संधी दारात उभी आहे."

"दार लावून घ्यायला सांगा सर, धूळ येतेय."

मी मात्र एका दगडापाशी उभी राहून माझा बंगला बघितला, अगदी झोपाळ्यासकट, आणि टोकन देऊन आले. ते परत मिळत नाही, असं पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलंय. जाणार असाल तर मागची बाजू आधी वाचा.

परतताना रिक्षात मी पावतीची मागची बाजू वाचत होते. "ताई, परीक्षेपर्यंत सकाळचा चहा तुम्ही कराल?" सरिताने विचारलं. तीन वर्षांत तिने घरात पहिल्यांदाच काही मागितलं होतं. महिनाभर मी चहा केला. शिबिराने आमच्या घरात घडवलेला बदल तो एवढाच.

सरिता पास झाली. आईने श्रेय नवसाला दिलं, भावाने स्वतःच्या धीराला. सरांनी शिबिराच्या जाहिरातीत तिचा फोटो टाकला. तिने फोन करून तो काढायला सांगितला, तर म्हणाले, "काढतो, पण अनुभवाच्या दोन ओळी तरी द्या."

तिने दिल्या. "शिबिराच्या दोन दिवसांत माझा जीएसटी पूर्ण वाचून झाला. कारण मी शिबिरात बसलेच नाही."

सरांनी पहिली ओळ छापली.