साहेबांचं जर्मन सुधारणारी

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मुरबाडच्या एका कारखान्यात माझं काम होतं जर्मन यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत आणण्याचं. ठाण्याला शनिवार-रविवार क्लास करून परीक्षा दिल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर मी कुणाचं ऐकत नसे. साहेब म्हणत, जर्मन नावांत अक्षरांच्या डोक्यावर असतात ती टिंबं इंग्रजीत नसतात, काढून टाका. मी म्हणे, काढलीत तर पुढे 'ई' लावा, नाहीतर नावच बदलतं. जर्मनमध्ये 'कंट्रोल'सारखा शब्द दिसला की ते इंग्रजीतही 'कंट्रोल' ठेवत. जर्मनमध्ये त्याचा अर्थ तपासणी, म्हणून मी तो खोडत असे. घरी आल्यावर हे सगळं तिखटमीठ लावून सांगे आणि बाबा ते आमच्या किन्हवली गावभर करत. "आमची पोर सायबाचं जर्मन सुधारते," हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना पाठ झालं होतं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे आणि घरच्यांनाही बोलावणं असे. त्या वर्षी नवं यंत्र बसवायला एक जर्मन इंजिनीअर आला होता. बाबा इस्त्रीचा सदरा घालून, शेजारच्या काकांना घेऊन आले. झेंडूच्या माळा घातलेल्या यंत्रापाशी पाहुणा दिसताच थेट त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, "सांग गो त्यांना, उद्या दसऱ्याला आमच्याकडं जेवायला या म्हनावं."

कागदावर हे वाक्य मी सहज लिहिलं असतं. पण जिवंत जर्मन माणसाशी मी आजवर बोललेच नव्हते. तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. पाहुण्यानं हसून काहीतरी विचारलं, तेही कळलं नाही. शेवटी त्यानं साहेबांना इंग्रजीत विचारलं. साहेबांनी निमंत्रण सांगितलं, त्यानं हात जोडून नकार दिला, उद्या निघायचं होतं म्हणे. मग साहेब माझ्याकडे वळले. "काय, टिंबं आठवत होतात का?"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या एसटीत काकांनी मागच्या सीटवरून विचारलं, "काय रे, पोर बोललीच नाय ती?"

"ती काय बोलनार?" बाबा म्हणाले. "त्या पावन्यालाच धड जर्मन येत नाय. बघितलं नाय, लगेच इंग्रजीवर आला?"

बाबा खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. माझ्यासाठी बोलले, तेही सगळ्या गाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.